समुद्राचा खर्च भाडेकरूच्या माथी का?

ताई, स. न. वि. वि.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. ह्यांची अंधेरीला बदली झाली आहे, जूनपासून जायचंय. वर्सोव्यात, सात बंगल्याच्या पुढे एक टू बीएचके पाहिलाय. तिसरा मजला, समुद्र दिसत नाही पण रात्री ऐकू येतो. हॉल आणि दोन्ही बेडरूमना लाकडी फ्लोअरिंग आहे. भाडं ७८ हजार (बरंचसं कंपनी देणार), डिपॉझिट ३ लाख. सगळं पसंत आहे, पण कराराच्या मसुद्यात एक कलम आहे : ‘लाकडी फ्लोअरिंगचे कोणत्याही कारणाने नुकसान झाल्यास संपूर्ण फ्लोअरिंग बदलण्याचा खर्च लायसन्सी देईल.’ लायसन्सी म्हणजे आम्ही, राहणारे. एजंट म्हणतो, हे सगळेच घालतात. हे म्हणतात, ‘आमच्या वाड्यात शंभर वर्षं लाकूड होतं, कुठे काय झालं? तू उगाच शंका काढतेस.’ सासूबाई आमच्याबरोबर येणार आहेत, त्यांना लाकडावरून पाय घसरायची भीती. मुलगा साडेचार वर्षांचा. रविवारपर्यंत टोकन द्यायचंय. घर घ्यावं का? आणि घेतलं तर ती जमीन समुद्राच्या हवेत सांभाळायची कशी?

– एक वाचक, नाशिक


घर घ्या, कलम घेऊ नका.

एवढ्यावरच थांबले असते, पण तुमच्या यजमानांनी वाड्याचा दाखला दिलाय आणि मी स्वतः जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात वाढले आहे. तेव्हा आधी तो हिशेब मिटवू.

वाड्यातलं लाकूड टिकलं, हे खरंच. आमच्या माडीच्या सागवानी फळ्या तुळयांवर टाकून खिळलेल्या होत्या. खालून हवा, वरून हवा. दोन फळ्यांमध्ये एवढी फट की वर आम्ही पोरं धावलो की खाली जेवणाऱ्यांच्या ताटात कचरा पडायचा, आणि आजी मान वर करून फटीतूनच नाव घेऊन ओरडायची. पाय कुणाचा हे तिला आवाजावरून कळायचं. आम्हाला ती फट म्हणजे सुताराचा गलथानपणा वाटे. पुढे कळलं, पावसाळ्यात फळीला फुगायला जागा हवी, ती त्या फटीत होती. आणि तळमजल्याला दगडी फरसबंदी. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की सराफ बाजारापर्यंत पाणी चढायचं, तिथे खाली लाकूड घालायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. शिवाय नाशिक समुद्रापासून लांब, जवळपास सहाशे मीटर उंचावर. श्रावणात इथेही कपडे वाळत नाहीत, पण दिवाळी झाली की हवा खणखणीत कोरडी होते आणि लाकूड आपल्या मापावर परत येतं.

वर्सोव्याच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच नाही. खाली सिमेंटचा स्लॅब, त्यावर फोमची पातळ चादर किंवा प्लाय, त्यावर एकमेकींच्या खाचेत घट्ट बसवलेल्या फळ्या. फट दिसली तर गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून फट नाही. फुगायला जागा फक्त भिंतीकडेनं, स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकलेली दहा-बारा मिलिमीटर. ती ठेवली असेल तर.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. चार इंची अस्सल सागाची फळी मुंबईच्या जानेवारीतून जुलैत गेली की मिलिमीटरभर रुंदावू शकते. एका फळीचं काही वाटत नाही. दहा फुटी खोलीत अशा तीस फळ्या असतात. पॉलिश आणि खालचा गोंद यामुळे प्रत्यक्षात एवढं होत नाही, तरी कागदावरचा हिशेब तीन सेंटिमीटरचा निघतो, आणि भिंतीकडची फट दोन्ही बाजू मिळून दोन-अडीच. उरलेलं लाकूड कुठे जाणार? वर. म्हणून समुद्रकाठच्या घरांत ऑगस्टमध्ये मधली जमीन तंबूसारखी उठलेली दिसते. यात भाडेकरूचा हात कुठे आला?

त्यात मीठ. वर्सोव्याच्या वाऱ्यात ते असतंच. खिडकीच्या काचेवरून बोट फिरवून जिभेला लावा. पावसाळ्यात आपल्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढायला लागतं. फळ्यांच्या सांध्यात बसलेलं मीठही तेच करतं. खिळे लोखंडी असतील तर ते गंजतात आणि सागातल्या टॅनिनमुळे खिळ्याभोवती काळे डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. मालक ते पाहून ‘तुम्ही शाई सांडलीत’ म्हणाले, तर काय उत्तर द्यायचं ते आता कळलं.

एक माझी फजिती सांगते. नव्वदच्या दशकात आम्ही चार वर्षं माहीमला होतो. जाताना सासऱ्यांचं सागवानी कपाट नाशिकहून नेलं. पहिल्या जुलैत त्याची दारं अशी आवळली की ह्यांनी पाय लावून ओढली तरी उघडेनात. मी शहाणपणा केला, सुतार बोलावला आणि दोन्ही दारांच्या कडांना रंधा मारून घेतला. कपाट लोण्यासारखं उघडायला लागलं. डिसेंबरात दोन दारांच्या मध्ये फट दिसायला लागली आणि परत नाशिकला आणल्यावर तर तिच्यातून उंदराचं पिल्लू आत जाईल एवढी झाली. अजून तशीच आहे, आत वर्तमानपत्र कोंबून ठेवते.

हे सांगायचं कारण, फ्लोअरिंगच्या बाबतीत हीच चूक सर्रास होते. फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त भिजली की तिच्या कडा उचलल्या जातात आणि मध्ये पन्हळ पडते. घाबरून कुणी ऑगस्टमध्येच मशीन लावून ती सपाट करून घेतं. मग हवा कोरडी झाली की कडा खाली बसतात, मधला भाग उंच राहतो आणि ते कायमचं होतं. तेव्हा तुमच्याकडे असं झालं आणि मालक ‘उद्याच माणूस पाठवतो, पैसे डिपॉझिटमधून कापू’ म्हणाले, तर थांबवा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, ते बंद करायचं आणि लाकूड वाळू द्यायचं. पुष्कळदा फळी आपली आपण बरीचशी सरळ होते.

पाणी कुठून आलं हे ओळखणं तितकंसं अवघड नाही. सगळ्या खोलीभर सारखीच पन्हळ असेल तर हवेची किंवा स्लॅबची ओल. फक्त बाथरूमच्या भिंतीलगत असेल तर नळाचा पाइप किंवा बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलंय. गॅलरीच्या सरकत्या दाराशी असेल तर दाराच्या खालच्या चॅनेलची भोकं बुजलीत आणि पावसाचं पाणी आत येतंय. आणि एकाच जागी, कुंडीखाली किंवा पाण्याच्या माठाखाली असेल, तर मात्र ते तुमचं. या चारांतला शेवटचा प्रकार सोडला तर बाकीचे तीन मालकाचे किंवा सोसायटीचे. म्हणून त्या ‘कोणत्याही कारणाने’ या दोन शब्दांवर माझा राग आहे.

टोकन द्यायच्या आधी शनिवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जा, दादरला उतरून पुढे अंधेरी. दोघंही जा. यजमानांना मुद्दाम न्या. आणि आधी एक पाहा : ती जमीन खरंच लाकडाची आहे का? हॉल आणि किचनच्या मधल्या उंबऱ्यापाशी, जिथे लाकूड संपून टाइल सुरू होते, तिथली पट्टी सैल असेल तर फळीची कापलेली कड दिसते. कडेत वरपासून खालपर्यंत एकच लाकूड असेल तर अस्सल. वर तीन-चार मिलिमीटर लाकूड आणि खाली प्लायचे थर असतील तर इंजिनिअर्ड. समुद्रकाठी हेच बरं, आडव्या-उभ्या थरांमुळे ते कमी फुगतं. आणि कड तपकिरी भुशाच्या दाबलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसली तर ते लॅमिनेट, म्हणजे वर लाकडाचा छापील फोटो. पट्टी निघत नसेल तर गुडघ्यावर बसून गाठी बघा. तीच गाठ, तशीच, चार फळ्यांवर दिसली तर छापील. लॅमिनेटच्या कडा एकदा पाण्यानं फुगल्या की परत बसत नाहीत आणि त्याला पॉलिशही मारता येत नाही. पण ते अस्सल सागापेक्षा बरंच स्वस्त असतं. लॅमिनेट घालून सागाच्या किमतीची हमी मागणारे मालक असतात. माझ्या भाचीला एक भेटले होते, दोन वर्षांनी तिच्या डिपॉझिटमधले चाळीस हजार त्यात गेले. जमीन लॅमिनेट होती हे तिला घर सोडताना सुतारानं सांगितलं.

मग खालच्या मजल्यावरच्या लोकांचं दार वाजवा. आपण नाशिककर या बाबतीत भिडस्त, पण वाजवा. गेल्या पावसाळ्यात वरच्या घरात कोण होतं, त्यांनी का सोडलं, यांच्या छताला ओल येते का, एवढंच विचारा. एजंट जे अर्ध्या तासात सांगत नाही, ते शेजारीण दारातच दोन वाक्यांत सांगते. जाताना एक स्टीलची फूटपट्टी पर्समध्ये ठेवा. ती फळ्यांवर आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. भिंतीच्या कडेला बारीक पिठासारखा भुसा पडलेला असेल तर भुंगा लागलाय, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. दोन्हींपैकी काही दिसलं तर घरी परत या, बाकीचं वाचायची गरज नाही.

आता करार. एजंटचं ‘सगळेच घालतात’ सोडून द्या. मालकाला हे कलम बदलून द्या :

‘हवेतील आर्द्रता, खारी हवा, स्लॅब, भिंत, खिडकी, गॅलरी किंवा अन्य सदनिकेतून येणारे पाणी, वाळवी, भुंगा आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज यांमुळे फ्लोअरिंगमध्ये झालेल्या बदलास लायसन्सी जबाबदार राहणार नाही. लायसन्सीच्या निष्काळजीपणाने नुकसान झाल्यास तेवढ्याच भागाच्या दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च, पावती दाखवल्यावर, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत लायसन्सी देईल. ओल अथवा फुगवटा दिसल्यास लायसन्सी सात दिवसांत मालकास लेखी कळवील.’

कमाल रक्कम बसून ठरवा, पण आकडा लिहा. आणि शेवटचं वाक्य गाळू नका. मालकाला भीती असते ती हीच की भाडेकरू महिनोन्महिने ओल दडवून ठेवील. त्यांची भीती आपणहून काढली की पहिल्या दोन वाक्यांवर ते फार अडत नाहीत, असा माझा अनुभव.

मालक म्हणतील, झीज तर कायद्यानंच वगळलेली आहे. अर्धं खरं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्ट्यापुरती रास्त झीज वगळलेली आहे, पण तुमचा होणार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसती राहायची परवानगी, तो भाडेपट्टा नव्हे. म्हणून करारातच लिहून घ्यायचं. उलट बाजूनं, जुनं कलम सहीनिशी राहिलंच तरी १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करारात दंड लिहिला म्हणून तो सगळा मिळत नाही, वाजवी भरपाईच मिळते. पण डिपॉझिट मालकाच्या खात्यात असताना हे कलम ७४ तुम्ही कुणाला वाचून दाखवणार? म्हणून आधीच.

करार नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी असणं आणि नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, तेव्हा नोंदणीत त्यांचंही हित आहे. अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. तुमच्या आकड्यांवर ते साधारण बावीसशे रुपये होतं, वर नोंदणीचे हजार. अंगठे घरी येऊन घेतात.

ताबा घ्याल त्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. घाईघाईनं फिरवलेला नको. फूटपट्टी ठेवून, ओरखड्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवून, उंबऱ्याची पट्टी, गॅलरीचं दार, बाथरूमची भिंत, आणि बोलत बोलत. त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर पाठवा. जुलैअखेर पुन्हा एकदा.

सांभाळायचं म्हणाल तर त्यात फार मोठी विद्या नाही. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं, आत सुती. वर्सोव्याची वाळू चपलेला चिकटून येते आणि पॉलिशवर पॉलिशपेपरचं काम करते, म्हणून चपला बाहेरच. खुर्च्या-पलंगाच्या पायांना फेल्टच्या टिकल्या. गोदरेजचं कपाट ओढायचं नाही, चौघांनी उचलायचं. एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या, काही शेकड्यांत मिळतो. फ्लोअरिंगवाले ४० ते ६० टक्के मागतात, ते पावसाळ्यात वर्सोव्यात एसीशिवाय होणार नाही, तेव्हा जास्त दमट दिवसांत समुद्राकडची खिडकी बंद आणि एसी ड्राय मोडवर तास-दोन तास. मापक नको असेल तर बशीत चमचाभर मीठ कपाटावर ठेवा, ओलं दिसलं की एसी लावा. गणपतीला पंधरा दिवस नाशिकला याल तेव्हा घर कुलूपबंद ठेवून येऊ नका, कुणाला तरी दोन-तीनदा उघडायला सांगा.

खरा धोका बादलीचा आहे. आपल्याकडे फरशी पुसणं म्हणजे बादलीभर पाण्यात फिनेल आणि ठिबकतं फडकं. कामाला येणाऱ्या मावशी वीस वर्षं तसंच करत आल्यात, आणि टाइलवर ते बरोबरच आहे. लाकडावर ते पाणी सांध्यातून खाली उतरतं, स्लॅबवर साचतं आणि कडा वर येतात. मग तो दोष मात्र तुमचा. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः करून दाखवा : आधी मऊ झाडू, मग घट्ट पिळलेलं फडकं, इतकं की पुसल्यावर मिनिटभरात जमीन कोरडी दिसली पाहिजे. फिनेल नाही, व्हिनेगर नाही, वाफेचा मॉप तर नाहीच.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. लाकूड ओल्या व्हिट्रिफाइड टाइलइतकं घसरडं नसतं, पण पायमोजे घालून चाललं की घसरतंच. त्यांना अनवाणी चालू द्या, लाकूड पायाला गार लागत नाही, आवडेल त्यांना. त्यांच्यासाठी जास्त धोक्याची ती उंबऱ्याची पट्टी. रात्री बाथरूमला उठल्यावर अंधारात पाय अडकतो तिथेच. तिथे रात्रीचा छोटा दिवा लावा. पलंगाशी काही अंथरायचंच तर साधी सतरंजी आणि तिच्याखाली जाळीदार फेल्टची पॅड. रबराच्या तळाची पायपुसणी नकोत, त्यांच्याखाली ओल कोंडते आणि पॉलिशवर चौकोनी डाग उमटतो.

तुमच्या यजमानांबद्दल एक. ‘आमच्या वाड्यात लाकूड होतं’ असं ते म्हणाले, ‘आहे’ नाही म्हणाले. वाडा पाडला का हो? मग हे भांडण फ्लोअरिंगचं नसावं. त्या घराचा दरवाजा उघडून पायाखाली लाकूड वाजलं तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं असणार, आणि तुम्ही कलम वाचायला लागलात ते त्यांना वाड्यावर बोट ठेवल्यासारखं वाटलं असणार. तेव्हा ते नवं कलम त्यांच्याच हातानं लिहून घ्या आणि मालकाशी बोलणंही त्यांनाच करू द्या. वाड्यातल्या माणसाला लाकडाची बाजू मांडायला सांगितली की तो नेटानं मांडतो.

मालक अजिबात ऐकेनातच, तर त्याच गल्लीत टाइलची घरं आहेत, आणि ऐकू येणारा समुद्र तिथेही तोच आहे. टोकनचा रविवार एजंटनं ठरवलाय, तो सोमवारीही फोन उचलतो.